जावाच्या वेब सेवेत टोकन बसवताना: देणे, तपासणे आणि परत घेणे

एका दूध संस्थेची सेवा डोळ्यांसमोर ठेवून हे सगळे समजून घेऊ. सभासद मोबाइलवर आपले रोजचे लिटर, फॅट आणि दहा दिवसांचे बिल पाहतात, संकलक सकाळ-संध्याकाळच्या नोंदी भरतो आणि सचिव दर बदलतो. सेवा जावा १७ आणि स्प्रिंग बूट ३ वर चालते. कार्यालयातल्या ब्राउझरपुरते काम होते तोवर सेशनची कुकी (लॉगिनची नोंद सर्व्हरवर आणि तिचा क्रमांक ब्राउझरमध्ये) पुरेशी होती; पण मोबाइल ॲप आले, सेवेच्या दोन प्रती दोन सर्व्हरवर चालू लागल्या, आणि एका सर्व्हरच्या मेमरीत असलेले सेशन दुसऱ्याला माहीतच नाही, अशी अडचण रोज येऊ लागली. टोकन म्हणजे लॉगिननंतर सेवेने सही करून दिलेला ओळखीचा छोटा मजकूर. त्या पद्धतीत ओळख विनंतीबरोबरच येते आणि सेवेची कोणतीही प्रत ती सहीवरून पडताळू शकते, म्हणून अशा ठिकाणी ती पद्धत योग्य ठरते.

सुरुवातीलाच एक सांगायला हवे. टोकन तयार करून देणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते नीट तपासणे आणि वेळ आली की निकामी करणे हे खरे काम आहे, आणि बहुतेक मार्गदर्शक लेख नेमके तिथेच आटोपते घेतात. म्हणून इथे जास्त जागा त्या दोन गोष्टींना दिली आहे. क्लास आणि मेथडची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत येतील.

टोकनच्या पोटात काय असते

आज सर्वाधिक वापरात असलेले टोकन म्हणजे जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन), ज्याचे मानक मे २०१५ मध्ये आरएफसी ७५१९ म्हणून प्रसिद्ध झाले. त्याचे पूर्णविरामाच्या टिंबाने जोडलेले तीन तुकडे असतात: हेडर, पेलोड आणि सही. पहिले दोन तुकडे म्हणजे बेस६४यूआरएल पद्धतीने, बाइट साध्या रोमन अक्षरांत आणि अंकांत मांडून, लिहिलेले साधे जेसन (नाव-मूल्य जोड्यांचा मजकूर). हेडरचे जेसन महिरपी कंस आणि दुहेरी अवतरणचिन्हाने सुरू होत असल्यामुळे ही टोकने ‘ई-वाय-जे’ या तीन अक्षरांनीच सुरू होतात. लॉगमध्ये चुकून टोकन उमटले आहे का, हे शोधताना ही खूण फार उपयोगी पडते.

पेलोड सही केलेला असतो, गुप्त नसतो, ही गोष्ट संघातल्या प्रत्येकाला पटली पाहिजे. टोकन ज्याच्या हाती पडेल तो ते उलगडून वाचू शकतो. त्यामुळे आधार क्रमांक, बँक खाते, फोन नंबर यांपैकी काहीही त्यात ठेवू नये. सभासदाचे नावसुद्धा ठेवू नये, आणि मराठी नावाच्या बाबतीत त्याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘दत्तात्रय’ या नावात अशी ९ चिन्हे, म्हणजे २७ बाइट, आणि बेस६४ मध्ये त्यांची ३६ अक्षरे होतात. नाव, गाव, संस्थेचे पूर्ण नाव असे भरत गेले तर प्रत्येक विनंतीबरोबर ते ओझे वाहावे लागते, आणि टॉमकॅट या वेब सर्व्हरची विनंतीच्या हेडरची मर्यादा मुळात ८ किलोबाइटच असते. त्याशिवाय ब्राउझरमधले ‘एटूबी’ फंक्शन वापरून कोणी पेलोड उलगडला, तर बाइटचे पुन्हा यूटीएफ-८ मध्ये रूपांतर केल्याखेरीज पडद्यावर नावाऐवजी कचरा दिसतो.

आपल्या सेवेला पुढील क्लेम, म्हणजे पेलोडमधल्या नोंदी, पुरेसे आहेत: ‘इस’, म्हणजे टोकन कोणी दिले, ‘सब’, म्हणजे सभासद क्रमांक, ‘ऑड’, म्हणजे ते कोणत्या सेवेसाठी आहे, ‘आयएटी’ आणि ‘एक्स्प’, म्हणजे दिल्याची आणि संपण्याची वेळ, ‘जेटीआय’, म्हणजे टोकनचा स्वतःचा क्रमांक, आणि आपण स्वतः ठरवलेला भूमिकेचा क्लेम.

किल्ली आधी, कोड नंतर

टोकन देणारी आणि तपासणारी सेवा एकच असेल, तर एचएस२५६ ही सहीची पद्धत चालते. त्यात एकच गुप्त किल्ली दोन्ही कामांना वापरतात, आणि ती निदान २५६ बिट, म्हणजे ३२ बाइट असावी लागते. हे ३२ बाइट सिक्युअर-रँडम या क्लासने काढलेले असावेत. संस्थेचे नाव आणि पुढे १२३ अशी किल्ली ठेवली, तर एखादे टोकन हाती आलेला माणूस आपल्या सर्व्हरला स्पर्शही न करता घरबसल्या ती ओळखू शकतो, कारण अंदाज बरोबर आला की नाही हे त्याला टोकनची सहीच सांगते.

दूध संस्थेच्या उदाहरणात मात्र बिलांची सेवा वेगळी आहे आणि तिलाही टोकन तपासायचे आहे. तपासणाऱ्याला टोकन तयार करण्याची ताकद देण्याचे काहीच कारण नाही. म्हणून इथे आरएस२५६ घ्यावे: खासगी किल्ली फक्त लॉगिनच्या सेवेकडे आणि सार्वजनिक किल्ली बाकी सर्वांकडे. ओपनएसएसएल वापरून २०४८ बिटांची जोडी तयार करावी. खासगी किल्ली पीकेसीएस८ स्वरूपात हवी, कारण स्प्रिंगला तेच स्वरूप थेट वाचता येते. फाइलच्या पहिल्या ओळीत नुसते ‘बिगिन प्रायव्हेट की’ असले पाहिजे, मध्ये ‘आरएसए’ हा शब्द दिसला तर ते जुने स्वरूप आहे आणि आधी बदलून घ्यावे लागेल. किल्ली गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात, कधीही जाऊ देऊ नये. एकदा गेली तर नुसती फाइल काढून टाकणे पुरत नाही, इतिहासात ती राहते, आणि मग नवी जोडी काढणे हाच उपाय उरतो.

काही जण ईएस२५६ ही लंबवक्री (इलिप्टिक कर्व्ह) पद्धत पसंत करतात, कारण तिची सही लहान असते. त्यांनी जावाची आवृत्ती अवश्य तपासावी. जावा १५ ते १८ मध्ये लंबवक्री सहीच्या पडताळणीत अशी त्रुटी होती, की सहीतले दोन्ही आकडे शून्य असले तरी ती खरी मानली जाई. सीव्हीई-२०२२-२१४४९ या क्रमांकाची ही त्रुटी एप्रिल २०२२ च्या सुधारणेत दूर झाली. जावा १७ वर असाल, तर १७.०.३ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी.

लॉगिन आणि टोकन देणे

संस्थेकडे कीक्लोकसारखा ओळख सर्व्हर आधीच असेल, तर हा भाग पूर्ण वगळावा. त्याचा पत्ता कॉन्फिगरेशनमध्ये दिला की सार्वजनिक किल्ल्या स्प्रिंग स्वतः आणते. नसेल, तर लॉगिनचा एक मार्ग (विनंती घेणारा वेब पत्ता) स्वतः लिहावा लागतो. त्यात पासवर्डची तुलना हाताने करू नये. ऑथेंटिकेशन-मॅनेजरकडे नाव आणि पासवर्ड सोपवावे, कारण नाव अस्तित्वात नसले तरी तो एक खोटी तुलना करून वेळ सारखाच घेतो, त्यामुळे उत्तराच्या वेगावरून कोण सभासद आहे हे बाहेरच्याला कळत नाही. संदेशही एकच असावा: ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे’.

पासवर्ड बीक्रिप्ट या हॅश पद्धतीने साठवत असाल, तर त्याची ७२ बाइटची मर्यादा लक्षात ठेवावी. देवनागरीत पासवर्ड ठेवणाऱ्याच्या बाबतीत ही मर्यादा २४ चिन्हांतच संपते. नोंदणीच्या वेळी अक्षरे मोजण्याऐवजी बाइट मोजावेत आणि मर्यादा ओलांडली तर तिथेच स्पष्ट सांगावे.

ओळख पटली की जेडब्ल्यूटी-क्लेम्स-सेट तयार करून जेडब्ल्यूटी-एन्कोडरकडे द्यायचा. निंबस ग्रंथालयावर (लायब्ररीवर) उभारलेला एन्कोडर स्प्रिंग सिक्युरिटीत तयार मिळतो. आयुष्य १५ मिनिटांचे ठेवावे. इथे वेळेच्या बाबतीत सावध राहावे लागते, आणि हे मी अनुभवाने सांगतो. एका कामात आम्ही लोकल-डेट-टाइम घेऊन त्यात १५ मिनिटे मिळवली आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून त्याचे सेकंद काढले. सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळेवर होते, म्हणजे प्रत्येक टोकन साडेपाच तास जास्त जगत होते. चाचणीचा फोन दुपारी जेवायला जाताना टेबलावर राहिला, आणि चार वाजता कोणीतरी सहज तो उघडला तेव्हा ॲप नव्याने ओळख न मागता चालत होते. त्यामुळे चूक सापडली. कोणतीही चाचणी पडली नव्हती, कारण टोकन चालत नाही अशी तक्रार येणे शक्यच नव्हते. उपाय साधा आहे: या सगळ्या कोडमध्ये फक्त इन्स्टंट हा क्लास वापरावा. दुसरी खूण म्हणजे आकड्यांची संख्या. ‘एक्स्प’ हा १९७० पासूनच्या सेकंदांत असतो, म्हणून आज तो १० अंकी दिसला पाहिजे. १३ अंकी दिसला, तर कोणीतरी मिलिसेकंद भरले आहेत आणि ते टोकन पन्नास हजार वर्षांहून अधिक काळ चालणार आहे.

तपासणी: स्वतःचा फिल्टर लिहू नये

जुन्या लेखांत वेब-सिक्युरिटी-कॉन्फिगरर-ॲडाप्टरला विस्तारून आणि विनंतीचे ऑथरायझेशन हेडर वाचणारा स्वतःचा फिल्टर (प्रत्येक विनंती आधी तपासणारा कोड) लिहून हे काम केलेले आढळते. तो ॲडाप्टर स्प्रिंग सिक्युरिटी ६ मधून काढून टाकला आहे, पण फिल्टर लिहिण्याची सवय अजून टिकून आहे. माझे स्पष्ट मत आहे की तो लिहू नये. हेडर रिकामे असणे, ‘बेअरर’ शब्दापुढे दोन मोकळ्या जागा असणे, टोकन अर्धवट असणे, अशा प्रत्येक वळणावर हाताने लिहिलेला फिल्टर एकतर ५००, म्हणजे सर्व्हरची त्रुटी, देतो किंवा गुपचूप विनंती पुढे सोडतो. ओऑथ२ रिसोर्स सर्व्हरचा स्टार्टर डिपेंडन्सीत जोडला, की हीच तपासणी वर्षानुवर्षे वापरून घासलेल्या कोडकडे जाते.

सिक्युरिटी-फिल्टर-चेन या बीनमध्ये, म्हणजे स्प्रिंग स्वतः सांभाळते त्या ऑब्जेक्टमध्ये, चार गोष्टी ठरवायच्या: सेशनचे धोरण ‘स्टेटलेस’; लॉगिन आणि नूतनीकरणाचे (मुदत संपल्यावर नवे टोकन घेण्याचे) मार्ग सर्वांना खुले; बाकी प्रत्येक मार्गाला ओळख आवश्यक; आणि रिसोर्स सर्व्हरची जेडब्ल्यूटी तपासणी चालू. सीएसआरएफचे, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळाने सभासदाच्या नकळत पाठवलेल्या विनंतीपासूनचे, संरक्षण इथे बंद करता येते, कारण ब्राउझर ऑथरायझेशन हेडर आपणहून पाठवत नाही. टोकन कुकीत ठेवण्याचे ठरवले, तर हे कारण उरत नाही आणि संरक्षण चालूच ठेवावे लागते. कार्यालयातले जुने ब्राउझरचे पडदे सेशनवरच राहणार असतील, तर त्यांच्यासाठी दुसरी स्वतंत्र साखळी करावी, ‘ऑर्डर’ लावून क्रम ठरवावा, आणि मोबाइलच्या साखळीला ‘सिक्युरिटी-मॅचर’ देऊन ती फक्त आपल्या मार्गांपुरती बांधावी. दोन्ही पद्धती एकाच साखळीत मिसळल्या, की कोणत्या विनंतीला कोणता नियम लागला हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

डिकोडर, म्हणजे टोकन उलगडून तपासणारा भाग, करताना सार्वजनिक किल्ली देऊन निंबस-जेडब्ल्यूटी-डिकोडर बांधावा. तो आरएस२५६ लाच बांधलेला राहतो, आणि हे महत्त्वाचे आहे. कोणती पद्धत वापरायची हे टोकनच्या हेडरवर विश्वासून ठरवले, तर हेडरमध्ये ‘नन’ लिहून सहीच काढून टाकता येते, किंवा सर्वांना माहीत असलेली सार्वजनिक किल्लीच एचएस२५६ ची गुप्त किल्ली म्हणून वापरून बनावट सही करता येते. पद्धत सर्व्हरने ठरवायची असते, पाहुण्याने नाही.

यानंतर एक फसवी जागा येते. डिकोडर मूळ रूपात वेळ तपासतो आणि घड्याळांतल्या फरकासाठी ६० सेकंदांची सूट देतो. आपल्याला ‘ऑड’ही तपासायचा असतो, म्हणून आपण सेट-जेडब्ल्यूटी-व्हॅलिडेटर ही मेथड बोलावतो. ती नवा तपासनीस जुन्यांच्या जोडीला बसवत नाही, तर जुने काढून त्यांच्या जागी बसवते. नुसता ‘ऑड’चा तपासनीस दिला, तर मुदत संपलेली टोकने त्या क्षणापासून चालू लागतात, आणि कुठेही त्रुटी दिसत नाही. म्हणून जेडब्ल्यूटी-व्हॅलिडेटर्समधली ‘क्रिएट-डिफॉल्ट-विथ-इश्युअर’ घ्यावी, आपला ‘ऑड’चा तपासनीस घ्यावा, आणि दोन्ही डेलिगेटिंग-ओऑथ२-टोकन-व्हॅलिडेटरमध्ये एकत्र बांधून मग द्यावेत.

भूमिकांच्या बाबतीत स्प्रिंग ‘स्कोप’ नावाचा क्लेम शोधते आणि प्रत्येक मूल्याच्या आधी ‘स्कोप’ आणि अधोरेखा लावते, तर ‘हॅज-रोल’ ही अट ‘रोल’ आणि अधोरेखेने सुरू होणारी परवानगी शोधते. या विसंगतीमुळे टोकन बरोबर असूनही सचिवाला ४०३ मिळतो आणि लोक तासन्‌तास किल्ल्या तपासत बसतात. जेडब्ल्यूटी-ग्रँटेड-ऑथॉरिटीज-कन्व्हर्टरमध्ये आपल्या क्लेमचे नाव आणि हवा तो उपसर्ग दिला की प्रश्न मिटतो. ४०१ म्हणजे ओळखच पटली नाही आणि ४०३ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही, एवढा भेद लक्षात ठेवला तर शोध योग्य दिशेने सुरू होतो. ४०१ च्या उत्तराचा मजकूर बहुधा रिकामा असतो. नकाराचे कारण उत्तराच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट’ या हेडरमध्ये लिहिलेले असते.

भूमिका बरोबर असणे मात्र पुरेसे नाही. सभासद क्रमांक २१४ ने विनंतीच्या वेब पत्त्यात आपल्या क्रमांकाच्या जागी २१५ लिहिले, तर त्याचे टोकन खरे आहे, मुदतीत आहे, भूमिकाही ‘सभासद’च आहे, तरी त्याला शेजाऱ्याचे बिल दिसता कामा नये. त्यासाठी मेथडवर ‘प्री-ऑथराइझ’ लावून पत्त्यातला क्रमांक टोकनमधल्या ‘सब’शी जुळवावा, किंवा त्याहून बरे म्हणजे सभासदाच्या मार्गांत क्रमांक घ्यायचाच नाही आणि तो नेहमी टोकनमधूनच काढायचा.

नूतनीकरण आणि परत घेणे

१५ मिनिटांनी सभासदाला पुन्हा पासवर्ड विचारता येत नाही, म्हणून दुसरे, दीर्घ मुदतीचे रिफ्रेश टोकन द्यावे लागते. ते जेडब्ल्यूटी असण्याची गरज नाही. सिक्युअर-रँडमचे ३२ बाइट पुरेत. डेटाबेसमध्ये ते जसेच्या तसे न ठेवता त्याचा एसएचए-२५६ ठसा (हॅश) ठेवावा. मूळ बाइट यादृच्छिक असल्यामुळे इथे बीक्रिप्टची गरज पडत नाही. ठशासोबत सभासद, मुदत, वापरले गेले का याची खूण आणि कुळाचा क्रमांक ठेवावा. एका लॉगिनपासून सुरू झालेली सगळी रिफ्रेश टोकने एका कुळातली. प्रत्येक वापरानंतर जुने बाद करून नवे द्यायचे, आणि आधीच वापरलेले टोकन पुन्हा आले तर ते चोरीला गेले आहे असे समजून सगळे कूळ रद्द करायचे.

हा नियम कागदावर सुंदर दिसतो आणि खेड्यातल्या नेटवर्कवर अडखळतो. संकलन केंद्रात रेंज जाऊन-येऊन असते; ॲपने नूतनीकरण मागितले, सर्व्हरने नवे टोकन दिले, पण उत्तर फोनपर्यंत पोहोचलेच नाही. फोन जुनेच टोकन पुन्हा पाठवतो, सर्व्हर त्याला चोर ठरवतो, आणि रांगेत माणसे उभी असताना संकलक बाहेर फेकला जातो. म्हणून वापरलेल्या टोकनला काही सेकंदांची सवलत द्यावी, आणि ॲपमध्ये एका वेळी एकच नूतनीकरण चालेल असे कुलूप ठेवावे. सर्व्हरच्या बाजूने ‘वाचा, मग बदला’ असे दोन टप्पे न करता, ‘अजून वापरले नसेल तरच वापरले अशी खूण कर’ असे एकच अपडेट चालवून बदललेल्या ओळींची संख्या १ आली का ते पाहावे. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तरी एकच जिंकते.

आणखी एक लहान पण चिवट अडचण. नूतनीकरणाचा मार्ग सर्वांना खुला ठेवला असला, तरी त्या विनंतीच्या ऑथरायझेशन हेडरमध्ये मुदत संपलेले जुने टोकन असेल, तर उत्तर ४०१ च येते, कारण हेडर दिसताच टोकन तपासणारा फिल्टर परवानगीच्या नियमांआधी चालतो. ॲपमधला इंटरसेप्टर प्रत्येक विनंतीला डोळे झाकून हेडर जोडत असेल, तर मुदत संपली की कोणीच कधी नूतनीकरण करू शकत नाही. लॉगिन आणि नूतनीकरण या दोन मार्गांना तो हेडर लावू नये.

सचिव बदलला, फोन हरवला, संकलक काम सोडून गेला, तर काय? रिफ्रेश टोकन रद्द करता येते, पण हातात असलेले १५ मिनिटांचे टोकन तोवर चालते, आणि त्यातली भूमिकाही जुनीच राहते. रेडिस या मेमरीतल्या जलद साठ्यात ‘जेटीआय’ची काळी यादी ठेवून प्रत्येक नोंदीला टोकनच्या उरलेल्या मुदतीइतकेच आयुष्य देता येते, पण मग प्रत्येक विनंतीला एक बाहेरची फेरी पडते. या संस्थेसाठी मी मधला मार्ग घेईन: सभासदाने आपले बिल आणखी १५ मिनिटे पाहिले तर काही बिघडत नाही; दर बदलण्याच्या मार्गावर मात्र टोकन खरे ठरल्यानंतरही डेटाबेसमध्ये भूमिका पुन्हा पाहायची. दर बदलणे दिवसातून क्वचित घडते, म्हणून तिथे एक जादा क्वेरी परवडते.

चालू करण्याआधी

चालणारे टोकन चालते हे सगळेच तपासतात. चाचण्या नकाराच्या लिहाव्यात: टोकनच नाही, मुदत संपलेली, ‘ऑड’ दुसऱ्या सेवेचा, सही दुसऱ्या किल्लीची, हेडरमध्ये ‘नन’, सार्वजनिक किल्लीने केलेली एचएस२५६ सही, आणि २१४ च्या टोकनने मागितलेले २१५ चे बिल. यातल्या शेवटच्या चाचणीला ४०३ आणि बाकी सर्वांना ४०१ आले पाहिजे. स्प्रिंगच्या चाचणी ग्रंथालयातले तयार ‘जेडब्ल्यूटी’ साधन सोयीचे आहे, पण ते डिकोडरला वळसा घालते, त्यामुळे त्याचा उपयोग फक्त परवानग्यांच्या चाचणीला होतो. सही आणि मुदतीच्या चाचण्यांत खरे टोकनच तयार करून पाठवावे.

सही बिघडवून पाहताना शेवटचे अक्षर बदलू नये. आरएस२५६ ची सही २५६ बाइटची, म्हणजे ३४२ अक्षरांची असते, आणि शेवटच्या अक्षरातले ४ बिट कशासाठीच वापरले जात नाहीत. ते अक्षर बदलल्यावरही उलगडलेले बाइट तेच राहू शकतात, टोकन खरे ठरते, आणि आपली सेवा फुटली आहे असा खोटा धसका बसतो. मधले एखादे अक्षर बदलावे.

शेवटी सेवा एक दिवस चाचणीच्या सर्व्हरवर चालवून सगळ्या लॉगमध्ये, ॲपच्या, प्रॉक्सीच्या आणि त्रुटी गोळा करणाऱ्या साधनाच्याही, ‘ई-वाय-जे’ शोधावे. एक जरी ओळ सापडली, तर कोणी हेडर पूर्ण छापला किंवा टोकन वेब पत्त्यातून पाठवले हे शोधून काढावे आणि ते बंद झाल्यावरच सभासदांच्या फोनवर नवी आवृत्ती पाठवावी.